गाडीचं तोंड

"हा पिवळा दिवा लागला म्हणजे काय होते, रहीमभाई?"

शालिकराम गावंडेनं पिकअपच्या खिडकीतूनच विचारलं. खाली उतरायची त्याची हिंमत नव्हती. उतरायचं तर इंजिन बंद करावं लागणार, आणि बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईलच अशी खात्री त्या सकाळी त्याला वाटत नव्हती.

 गॅरेजवाल्या अब्दुल रहीमनं डोळे मिटले, मान जरा डावीकडे कलती केली आणि इंजिनाचा आवाज ऐकला. मूर्तिजापूरच्या स्टेशन रोडवर तीस वर्षं तो डिझेलच्या गाड्या अशाच ऐकत आला होता. ट्रक रेल्वे फाटकापलीकडे असतानाच त्याचं कितवं सिलिंडर आजारी आहे ते हा माणूस सांगतो, असं गावात बोललं जाई. ते पहिल्यांदा कोणी बोललं असावं, याबद्दल त्याच्या मुलीला मात्र थोडी शंका होती.

"नोझल," त्यानं निकाल दिला. "तिसऱ्या नंबरचं."

"आन् दिवा?"

"दिव्याकडे पाहूच नका. दिवा त्या शहरातल्या लोकायसाठी असते."

पण शालिकरामला दिव्याकडे न पाहून चालणार नव्हतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं होतं आणि कपाशी गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हती. विहिरीला होतं तेवढ्या पाण्यावर त्यानं नि त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं, दीड एकरात वांगी, भेंडी आणि कोथिंबीर जगवली होती. ही भाजी दिवसाआड अकोल्याला एका मोठ्या वसतिगृहाच्या मेसमध्ये जायची. त्या साली घरात नेमानं काही येत असेल तर ते त्या मेसमुळे. आणि आज पहाटे भाजी उतरवताना गेटवरच्या वॉचमननं गाडीचे कागद पाहून मान हलवली होती. पीयूसीची मुदत संपलेली. नवे साहेब आलेत, मंगळवारपासून पीयूसीशिवाय गाडी आत सोडायची नाही, असा हुकूम होता. तेल्हाऱ्याचा खुशालराव आपली चकचकीत गाडी घेऊन मागंच उभा होता. "गावंडे काका, नाई जमलं तं सांगजा, माही गाडी हायेच," असं तो इतक्या प्रेमानं म्हणाला की शालिकरामनं रिकामी पोती न मोजताच गाडी काढली.

त्यात येताना गाडीनं जो काळा धूर सोडायला सुरुवात केली, त्याला तोड नव्हती. बोरगाव मंजूच्या पुढं एका मोटारसायकलवाल्यानं आडवं येऊन गाडी थांबवली आणि मागं काही पेटलंय का ते स्वतः चढून पाहिलं.

"आज रविवार," शालिकराम म्हणाला. "परवा सकाळी सातले मले पीयूसी घेऊन गेटवर उभं राहा लागते. नाई तं तिथं खुशालरावची भेंडी शिजते."

"माह्या जबानवर तुमी हे गाडी घेतली न, शालिकभाऊ? मंग फिकर माही," रहीम म्हणाला. ते खरंच होतं. ही जुनी पिकअप त्यानंच पारखून दिली होती.

एवढ्यात नगमा मशीन घेऊन बाहेर आली. ती रहीमची मुलगी. अमरावतीहून डिप्लोमा करून आली होती आणि गॅरेजमधलं जे जे काही विजेवर चालतं ते तिच्या ताब्यात होतं. हे मशीन मोबाइलपेक्षा जरा मोठं होतं. स्टेअरिंगखाली त्याची पिन खोचली की गाडीच्या पोटातलं दुखणं कोडमध्ये सांगायचं. घेतलं रहीमनंच होतं, कारण हल्ली गिऱ्हाइकं मशीन नसलेल्या गॅरेजकडे संशयानं पाहायची. ते सांगतं तेही मानायचं असतं, हे मात्र त्यानं कधी कबूल केलं नव्हतं.

"पी झिरो वन झिरो वन," नगमानं वाचलं. "अब्बा, इंजिनाले हवा कमी भेटून राहिली म्हणते. हवेचा फिल्टर खोलून पाहा."

"फिल्टर?" रहीमला हे लागलं. "फिल्टर म्या ह्या हातानं नवा टाकला. बारा दिवस नाई झाले. वयनी, तुमी समोर होत्या का नाई?"

"होती न," शालिकरामच्या शेजारी बसलेली पार्बताबाई म्हणाली. "मले समदं समजावून बी सांगतलं तुमी. काय कोठी असते ते."

"घ्या. साक्षीदार हाये. मशीनले काय समजते? त्याले कान हायेत काय?"

 नगमानं कोड वहीत लिहून ठेवला. तेवढ्यात दाराशी बांधलेल्या चांदनीनं, म्हणजे रहीमची बायको बिल्कीस हिच्या दुभत्या बकरीनं, दावं ताणून पिकअपच्या बंपरवर पुढचे दोन्ही पाय ठेवले. रहीमनं तिला हुर्र करून खाली ओढलं. ती परत चढली. त्यानं दावं एक हात आखूड केलं.

जेवणाच्या वेळेला पार्बताबाईनं डबा उघडला. आदल्या दिवशी पोळा झाला होता आणि डब्यात पुरणपोळ्या होत्या, वर तुपाची वाटी वेगळी.

"घरी बईल नाई, तरी पुरण?" रहीमनं विचारलं.

"आता तुमीच सांगा हिले," शालिकरामला हवा तो विषय मिळाला. "काल हिनं ह्या गाडीचा पोळा केला. परवा सांजच्यानं मडगार्डले हळद-तूप चोळलं. खांदे म्हणे. आरशाले बेगड लावली, शिंगं नाईत म्हून. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं गाडीले सांगतलं. वावराच्या रस्त्यानं लोक जाऊन राहिले, हासून राहिले. म्या म्हटलं, लोखंडाले कायचा पोळा? बईल खाते, रवंथ करते, आपल्याकडे पाहते. हे काय पाहते?"

"जे राबते त्याचा पोळा," पार्बताबाई शांतपणे म्हणाली. "सहा महिन्यांपासून कोन राबून राहिलं?"

यावर शालिकरामनं पोळीचा मोठा घास घेतला. हरण्या आणि लाख्या ही त्याची जोडी उन्हाळ्यात विकावी लागली होती. चाऱ्याचं कुटार संपलं होतं आणि विकत मिळत नव्हतं. दर्यापूरकडच्या एका पाणीवाल्या घरी दिली, त्या दिवसापासून त्यानं त्यांचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. पार्बताबाईनं पोळ्याला गाडीला बांधायला म्हणून त्यांची घुंगरमाळ मागितली, तर "गेली असन बईलासंगं" म्हणून तो उठून गेला होता. माणूस इतका कोरडा कसा होऊ शकतो, याचं तिला वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटत होतं.

रहीमनं दोन पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं. लगेच त्याला गुळाचा, तुपाचा, वेलदोड्याचा वास आला. त्यानं बोटं हुंगली आणि जाऊन साबणानं हात धुतले. परत डोकं घातलं तर वास तसाच.

"वयनी, तुमच्या पुरणाची कमाल हाये. हाताचा वासच जात नाई."

पार्बताबाई लाजली. चांदनीनं आखूड दाव्यावर गुडघे टेकून मान लांब केली होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

डिझेल फवारणारं ते तिसऱ्या नंबरचं नोझल निघालं, साफ झालं आणि परत बसलं. मध्ये रहीमनं दोन-तीन वायरींच्या पिना काढून, खाली ठेवून, इंजिन फिरवून पाहिलं. ही त्याची जुनी पद्धत होती. जुन्या गाड्या हे मुकाट्यानं सहन करायच्या. ही गाडी सहन करणारी नव्हती. पिना परत लागल्यावर मीटरमधला पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"आधी नुसता पाहून राहिला होता," शालिकराम म्हणाला. "आता डोळा मारून राहिला."

"एक कोड होता, चार झाले," नगमानं मशीन पाहून सांगितलं. "तीन तुमी पिना काढल्या त्याचे. पहिला हाये तसाच."

"मिटवून टाक समदे."

"मिटवता येते अब्बा. पन दुखनं नाई मिटत त्यानं."

"तू मिटव त."

तिनं मिटवले. दिवा विझला. संध्याकाळी रहीम गाडी फाटकापर्यंत फिरवून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नवीच काळजी होती. खड्ड्यातून जाताना कुठंतरी काहीतरी खुळखुळत होतं, बारीक, घुंगरू हलल्यासारखं. ज्याचा कान सगळ्या गावात प्रसिद्ध आहे त्याला आपल्याच हातून निघालेल्या गाडीत बेवारशी आवाज कसा चालेल? तो गाडीखाली शिरला आणि दिवेलागणीपर्यंत त्यानं पाटे, सायलेन्सर, मडगार्ड, सगळीकडचे बोल्ट कसले. आवाज राहिला तो राहिलाच. नवरा-बायको त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये ठेवून एसटीनं घरी गेले.

सोमवारी सकाळी पेट्रोल पंपाशेजारच्या पीयूसीच्या व्हॅनसमोर पिकअप उभी राहिली. रात्री पुसून काढलेली, मीटरमध्ये दिवा नाही, आरशांवर बेगड अजून चमकत होती. भगवंत नावाचा मनुष्य ती व्हॅन चालवायचा. त्यानं बेगड पाहिली आणि काही विचारलं नाही. व्हॅनवाल्याला माणसं फार पाहावी लागतात. त्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली आणि शालिकरामला म्हणाला, "द्या रेस. पुरी."

शालिकरामनं पुरी दिली. मागून जो धूर निघाला त्यात आधी नळी दिसेनाशी झाली, मग भगवंत, मग व्हॅन. पलीकडच्या पोहेवाल्यानं धावत येऊन तर्रीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"पासष्टच्या आत पायजे," धुरातून भगवंतचा आवाज आला. "ब्याण्णव दाखवून राहिलं."

"मशीन बरोबर हाये न तुमचं?" रहीमनं विचारलं.

"मशीन बरोबर हाये, रहीमचाचा. मीच आता थोडा बरोबर नाई," भगवंत खोकत म्हणाला. मनुष्य मात्र भला होता. त्यानं उपाय सुचवला. "कार्बन बसला असन आतमधी. कारंजा रोडले न्या आन् दाबून पळवा. झडून जाते समदा. व्हॅन सहाले बंद होते, त्याच्या आत या."

रहीमला हे पटलं, कारण यात फिल्टर खोलायचा नव्हता. पार्बताबाईला व्हॅनपाशी बसवून रहीम आणि शालिकराम कारंजा रोडनं निघाले. गाडी दाबून पळवायची होती. पण जितकं दाबावं तितकी ती आतल्या आत घुसमटत होती. चढावर एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं आणि वळून पाहिलं. खुळखुळ मात्र जोरात चालू होती. परत येईपर्यंत पिवळा दिवा पुन्हा लागला होता, आणि भगवंतच्या मशीननं सत्त्याण्णव दाखवलं.

"तिसऱ्यांदा आनू नका चाचा," भगवंत हात जोडून म्हणाला. "शंभराच्या वर माह्या मशीनले आकडेच नाईत."

चार वाजता गाडी परत गॅरेजच्या दारात होती. शालिकराम पायरीवर बसला होता. तो भांडला असता तर रहीमला बरं वाटलं असतं. पण "तुमच्या जबानवर घेतली" हे वाक्य तो एकदाही उच्चारत नव्हता, आणि ते न उच्चारलेलं वाक्य रहीमला तिसऱ्या नंबरच्या नोझलपेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं. मग शालिकरामनं खिशातून मोबाइल काढला.

"खुशालरावले सांगतो. उद्या त्यानंच टाकावी भाजी. मुलायचं जेवन काहून अडवा?"

"थांबा न," रहीम म्हणाला, पण कशासाठी थांबा ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

त्याच वेळी चांदनीनं दावं तोडलं. ती थेट बंपरवर चढली, उघड्या बॉनेटमध्ये पुढचे पाय टाकले आणि हवेच्या फिल्टरचा काळा डबा चाटायला लागली. रहीम काठी घ्यायला वळला तर नगमा मध्ये उभी.

"अब्बा, मशीन कालपासून हवा म्हणून राहिलं. बकरी बी तेच म्हणून राहिली. तुमीच एकटे नोझल म्हणता."

रहीमनं तिच्याकडे पाहिलं, बकरीकडे पाहिलं, शालिकरामच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मग, केवळ या दोघींना खोटं पाडायचं म्हणून, त्यानं फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या आणि झाकण उचललं.

आत पुरणपोळी होती.

चौपदरी घडी केलेली, वर हळदीकुंकू, फिल्टरला घट्ट चिकटून भाजून निघालेली.  गुळाचा वास सगळ्या गॅरेजभर झाला. चांदनी मान उंच करून उभी राहिली.

"वयनी," रहीम सावकाश म्हणाला, "हे काय हाये?"

"निवद," पार्बताबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पोळ्याच्या दिवशी बईलाच्या तोंडी पोळी देत असते न. तशी देली. गिळली बी तिनं."

"पन पोळी इथून देवा लागते, हे तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमीच न, रहीमभाऊ. फिल्टर टाकला तवा. म्हटलं तुमी, वयनी, हे पाहा, हे गाडीचं तोंड. इथूनच समदं घेते थे."

नगमानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रहीमला ते सगळं आठवलं, अगदी आपण बोट कुठं ठेवून दाखवलं होतं तेही. मागच्या मालकानं हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडावरची जाळी काढून टाकली होती, ती नवी बसवायची म्हणून मनात होतं आणि राहून गेलं होतं, हेही आठवलं.

"कमाल करतं तू," आता शालिकरामला कंठ फुटला. "पोळी घालते गाडीत. तिकडे खुशालराव टपून बसला, अन् इकडे हे गाडीले जेवू घालून राहिली. दोन दिवसांपासून म्या सांगून राहिलो, लोखंडाले कायचा..."

"काका, थांबा जरा," नगमा डब्यात वाकून म्हणाली. "हे दुसरी बी हाये."

तिनं नळीच्या तोंडाशी अडकलेली दुसरी पोळी ओढून काढली. ही घडी केलेली नव्हती. हिची घट्ट सुरळी केलेली होती, आणि आत गुळाचा खडा होता.

"म्या एकच देली," पार्बताबाई म्हणाली. "देवाशपथ. एकच." मग तिनं ती सुरळी हातात घेतली, उलटसुलट केली. अशी सुरळी करून, आत गुळाचा खडा घालून पोळी द्यायची रीत त्यांच्या अख्ख्या बोरखेडी गावात एकाच माणसाची होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

शालिकराम मोबाइलकडे पाहत होता. मोबाइल केव्हाच बंद झाला होता.

"हरण्याले चौपदरी चालत नव्हती," तो शेवटी म्हणाला. "सुरळीच लागे त्याले. गूळ नसला तं तोंड फिरवे." आणि थोड्या वेळानं, "काल पहाटे तू आंघोळीले गेलती तवा देली. म्हटलं, हिनं पूजा केली, तं उपाशी कायले ठेवा."

पार्बताबाई हसली नाही. दोन दिवस जे तिला वाईट वाटत होतं ते कुठल्या कुठं गेलं, आणि तिला एकदम रडू आलं. तिनं डोळे पदरानं पुसले आणि ती म्हणाली, "आता उठा. सहाले बंद होते थे व्हॅन."

मग मात्र घाई झाली. नगमानं कपाटातून दुसरा नवा फिल्टर आणला. रहीम डबा पुसायला फडकं शोधत शालिकरामच्या सीटमागं हात घालून चाचपडत होता. फडक्याऐवजी हाताला काहीतरी गार लागलं आणि खुळखुळलं. त्यानं ओढून पाहिलं. पितळी घुंगरांची माळ होती, नीट पुसलेली, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली. रहीमनं ती क्षणभर तळहातावर धरली, होती तशी गुंडाळली आणि होती तिथं ठेवून दिली. कोणाला काही सांगितलं नाही. डबा त्यानं स्वतःच्या सदऱ्यानं पुसला.

सहाला पाच मिनिटं कमी असताना भगवंत व्हॅनचं दार लावत होता. पिकअप पाहून तो आत जाऊन बसला आणि नळी रहीमच्याच हातात दिली. शालिकरामनं पुरी रेस दिली. सायलेन्सरमधून नुसती गरम हवा आली. पोहेवाला झाकण हातात धरून उगाच उभा राहिला.

"एक्केचाळीस," भगवंतचा विश्वास बसेना. "असं केलं तरी काय चाचा?"

"काई नाई," रहीम म्हणाला. "खानं बंद केलं तिचं."

पीयूसीचा कागद हातात आल्यावर शालिकरामनं त्याची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. घरी निघण्याआधी ते गॅरेजवर थांबले. पार्बताबाईनं चांदनीसमोर निवदाची पोळी ठेवली. सुरळी शालिकरामनं स्वतः तिच्या तोंडाशी धरली आणि ती संपेपर्यंत उभा राहिला.

"पुढच्या पोळ्याले आधी मले आवतन द्या," रहीम म्हणाला. "म्या येऊन गाडीचं तोंड बांधून देतो. मंग करा पूजा."

"कायचा पोळा न् कायचं काय," शालिकराम गाडीत चढत म्हणाला. "लोखंड हाये थे."

पिकअप स्टेशन रोडनं निघाली. मागं धूर नव्हता. फाटकाजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि खुळखुळ गॅरेजपर्यंत ऐकू आली.

"अब्बा, थो आवाज अजून येतेच," नगमा म्हणाली. "बोल्ट राहिला वाटते एखादा. परवा बोलावून मशीन लावू काय?"

रहीमनं मान जरा डावीकडे कलती केली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत ऐकत राहिला.

"राहू दे," तो म्हणाला. "त्याचा कोड नसते."